तिकीट आईचे, कार्ड लेकीचे

आपल्याकडे तिकीट काढणारा एक आणि प्रवास करणारा दुसरा, ही काही नवी गोष्ट नाही. रेल्वेच्या आरक्षणासाठी पहाटे चारपासून रांगेत उभा राहणारा एखादा धाकटा काका किंवा मामा प्रत्येक घरात असायचा. तो स्वतः कुठेच जात नसे. बाकीच्यांची नावे आणि वये लिहिलेला कागद खिशात घालून तो तिकिटे घेऊन यायचा. आरक्षणाच्या अर्जावरसुद्धा प्रवाशांची नावे वेगळी आणि अर्जदाराची सही वेगळी, अशी सोय रेल्वेनेच केलेली आहे. कोकणातली कितीतरी घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली. त्या पैशांतून म्हातारीने एस.टी.चे तिकीट काढले, तर हे पैसे तुझे की गिरणीतल्या मुलाचे, असे कोणत्याही कंडक्टरने तिला विचारले नाही.

विमानाच्या तिकिटाला मात्र आता हा प्रश्न विचारला जातो. परदेशातली मुले आपल्या क्रेडिट कार्डावर आईवडिलांची तिकिटे काढतात. पैसे लगेच जातात, तिकीट ई-मेलने येते, आपण त्याची छापील प्रत काढून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो. काही महिन्यांनी विमानतळावर सामान वजनकाट्यावर चढवल्यावर काउंटरवरची मुलगी संगणकात पाहून म्हणते, "ज्या कार्डावर हे तिकीट काढलंय ते कार्ड दाखवा." ते कार्ड असते न्यू जर्सीत, लेकीच्या पर्समध्ये.

या विषयावर लिहायचे बरेच दिवस मनात होते. आमच्या घरातली आणि ओळखीची निम्मी मुले आता बाहेर आहेत आणि त्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकते. कार्डाची खात्री करून घेण्यात काहीही गैर नाही. पण ती खात्री चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाकडे आणि चुकीच्या पद्धतीने मागितली जाते, असे मला वाटते.

आधी कंपन्यांची बाजू समजून घेऊ. वर्गात भांडण झाले की मी दोन्ही बाजू ऐकून घेत असे, ती सवय अजून सुटलेली नाही.

पूर्वी विमानाचे तिकीट म्हणजे कार्बन लावलेल्या पानांची लहानशी वही असे. परदेशातल्या मुलाने तिथे पैसे भरले की तिथली कचेरी इथल्या कचेरीला कळवी आणि आपण इथे जाऊन तिकीट हातात घेत असू. त्याला 'प्रीपेड तिकीट ॲडव्हाइस' असे भारदस्त नाव होते. पैसे कोणी भरले आणि तिकीट कोणी नेले, दोघेही कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असत. पुढे १ जून २००८ पासून 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सगळी तिकिटे इलेक्ट्रॉनिक केली. सोय झाली यात शंका नाही. पण पैसे भरणारा माणूस कोणालाच दिसेनासा झाला. दिसतो तो फक्त सोळा आकडी नंबर, मुदतीची तारीख आणि कार्डाच्या मागचे तीन आकडे.

हे आकडे चोरीला जातात. चोर त्या आकड्यांवर तिकीट काढतो आणि कोणाला तरी स्वस्तात विकतो. घेणाऱ्याला अनेकदा याचा पत्ताही नसतो. आपण एखाद्या एजंटाकडून सवलतीत तिकीट घेतले, एवढेच त्याला ठाऊक असते. महिन्याभराने कार्डाचा खरा मालक बिल पाहतो आणि बँकेला सांगतो की हा खर्च माझा नाही. बँक त्याचे पैसे परत करते आणि ते विमान कंपनीकडून वसूल करते. याला 'चार्जबॅक' म्हणतात. तोवर विमान उडून गेलेले असते. साडी किंवा मोबाइल मागवला तर तो निदान एका पत्त्यावर पोचवावा लागतो. तिकिटाला तेवढाही पत्ता लागत नाही. म्हणून चोरांना तिकीट हा माल फार आवडतो. युरोपातली पोलीस यंत्रणा 'युरोपोल' हिने विमान कंपन्या आणि कार्ड कंपन्यांना बरोबर घेऊन अशा तिकिटांविरुद्ध अनेक देशांच्या विमानतळांवर एकाच वेळी मोहिमा केल्या आहेत. तेव्हा कंपन्यांची भीती खोटी नाही.

आता प्रश्न असा, की ही अडचण परदेशी कार्डांनाच जास्त का येते? इथे आपल्या रिझर्व्ह बँकेचे कौतुक केले पाहिजे. भारतात दिलेल्या कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण विचारलीच पाहिजे, असा नियम तिने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. आज आपल्या मोबाइलवर जो ओटीपी येतो तो त्यातूनच आला. आपण त्याच्या नावाने कितीही बोटे मोडली, तरी त्यामुळे पैसे भरतानाच कार्डवाल्याची बरीचशी खात्री होते. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथे बहुतेक वेळा नंबर, तारीख आणि मागचे आकडे दिले की काम होते. शिवाय कार्डाचा गैरवापर झाला तर ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलरचाच भार टाकता येतो, असा तिथे कायदा आहे. ग्राहक निर्धास्त आहे. तोट्याची टांगती तलवार विकणाऱ्यावर आहे. कार्ड अमेरिकेचे, प्रवास मुंबईहून, प्रवासी दुसराच, आडनाव वेगळे, असे सगळे जुळून आले की संगणक त्या तिकिटावर खूण करतो. मग ती खूण आपल्यासमोर येते ती थेट विमानतळावर.

आमच्या शेजारच्या काका-काकूंचा अनुभव सांगते. काका एस.टी.त कंडक्टर होते, आता अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. काकूंचे गुडघे गेलेले, त्यामुळे व्हीलचेअर. लेक न्यू जर्सीत परिचारिका आहे. तिने दोघांची तिकिटे चार महिने आधी काढली होती. दोघे साताऱ्याहून गाडी करून मुंबईला गेले. रात्री एकच्या सुमाराला काउंटरवर त्यांना कार्ड मागितले. कार्ड नाही म्हटल्यावर कार्डाची दोन्ही बाजूंची सही केलेली प्रत आणि लेकीचे पत्र मागितले. तेही नव्हते. लेकीला फोन लावला तर तिथे दुपार, ती ड्यूटीवर आणि फोन लॉकरमध्ये. "नाहीतर दुसऱ्या कार्डावर नवीन तिकिटं काढा, आधीचे पैसे नंतर परत मिळतील," असे सांगण्यात आले. त्या दिवशीच्या भावाने दोन तिकिटे! काकांच्या खिशात पेन्शनच्या खात्याचे डेबिट कार्ड होते. त्यांचे सामान बाजूला काढून ठेवले आणि मागची रांग पुढे सरकू लागली. सव्वा तासाने लेकीचा फोन लागला. तिने फोटो आणि चार ओळी ई-मेलने पाठवल्या आणि काउंटर बंद व्हायच्या बेतात असताना दोघे आत गेले.

काउंटरवरची मुलगी उद्धट नव्हती, हे काकांनीच मला आवर्जून सांगितले. तिलाही वरून नियम आला होता. पण त्यांना लागले ते वेगळेच. ते म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी तिकिटं तपासली. तिकीट आहे का, एवढंच विचारायचो. कुणी काढून दिलं, हे कधी विचारलं नाही. त्या दिवशी चार माणसांत मला सिद्ध करावं लागलं की माझी मुलगी माझीच आहे."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण आपल्या पिढीला मुलांच्या पैशांनी प्रवास करणे मुळातच थोडे अवघड वाटते. आयुष्यभर आपण देणारे होतो. आता घेणारे झालो आहोत आणि ते जमवून घ्यायचा प्रयत्न करतो आहोत. अशा वेळी काउंटरवरून "हे कार्ड कोणाचं? तुमचं नातं काय?" असा प्रश्न आला की नियम बाजूला राहतो आणि ऐकू येते ते एवढेच, की तुम्ही दुसऱ्याच्या पैशांवर चालला आहात. कंपन्यांच्या भाषेत या लेकीला 'थर्ड पार्टी' म्हणतात. आई आणि विमान कंपनी हे दोन पक्ष, आणि पोटची मुलगी तिसरा!

आता माझे आक्षेप एकेक करून मांडते.

पहिला आक्षेप वेळेचा. कंपनीने पैसे घेतले चार महिने आधी. शंका तेव्हाच का आली नाही? आली असेल तर तेव्हाच का विचारली नाही? चार महिने पैसे वापरायचे आणि शंका मात्र शेवटच्या दोन तासांसाठी राखून ठेवायची, याला सावधगिरी म्हणता येणार नाही. परीक्षेला बसू देताना काही बोलायचे नाही आणि निकालाच्या दिवशी वयाचा दाखला मागायचा, असे एखाद्या शाळेने केले तर पालक ऐकून घेतील का?

दुसरा आक्षेप माणसाचा. कार्डाबद्दल उत्तर देऊ शकतो तो कार्डवाला. प्रवाशाला त्यातले काही ठाऊक नसते. ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर आले नाही की शिक्षाही त्यालाच करायची, हा कुठला न्याय? बरे, तिकीट खरोखरच चोरीच्या कार्डावरचे असेल तरीही समोरचा प्रवासी बहुधा फसवला गेलेलाच असतो.

तिसरा आक्षेप पद्धतीचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. एकीकडे बँका रोज संदेश पाठवतात की कार्डाचा नंबर आणि मागचे आकडे कोणालाही सांगू नका. भारतातल्या व्यवहारांत १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. ओळख पटण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव एवढेच ठेवता येते. कार्ड व्यवसायाचे जे जागतिक सुरक्षा नियम आहेत, त्यांत तर मागचे तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर कोणीही साठवू नयेत असे स्पष्ट आहे. आणि दुसरीकडे एक म्हातारा माणूस त्याच कार्डाची दोन्ही बाजूंची छायाप्रत हातात घेऊन विमानतळावर हिंडतो! आकडे झाका, अशी बारीक अक्षरांतली सूचना काही कंपन्या देतात, पण घाईत पाठवलेल्या फोटोत ते कोण झाकतो? शिवाय ज्या चोराकडे कार्डाचे फोटो आहेत, तो प्रतही देईल आणि खाली सहीही ठोकेल. म्हणजे प्रामाणिक माणसाला त्रास, कार्डाला धोका, आणि चोराला फारसा अडथळा नाही.

यावर काही जण एक उपाय सुचवतात. रक्ताचे नाते दाखवले की सोडून द्यावे. हा उपाय ऐकायला बरा वाटतो, कारण आपला प्रश्न त्याने सुटतो. रेल्वेतही असे नाते मानले जाते. आपल्या नावाचे पक्के आरक्षण गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज करून आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नीच्या नावावर करता येते. इतकेच काय, विद्यार्थ्यांच्या गटाला आणि लग्नाच्या वऱ्हाडालाही अठ्ठेचाळीस तास आधी नावे बदलून घेण्याची सवलत आहे. रेल्वेला वऱ्हाड म्हणजे काय ते समजते, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

तरीही विमानाच्या कार्डासाठी नाते ही कसोटी लावावी, असे मला वाटत नाही. एक तर नाते कागदावर दिसतेच असे नाही. लग्नानंतर लेकीचे आडनाव बदलते आणि मधले नावही बदलते. आईच्या पासपोर्टवर मधे वडिलांचे नाव आणि लेकीच्या कार्डावर जावयाचे आडनाव. दोघींची नावे शेजारी ठेवली तर एक अक्षरही जुळत नाही. दुसरे असे, की तिकीट काढून देणारे नेहमी नातेवाईकच असतात असे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला परदेशी शिकायला जायचे होते. वडील नव्हते, आई शेतमजुरी करणारी. त्याच्या वर्गातल्या अकरा जणांनी वर्गणी काढली आणि बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एकाच्या कार्डावर तिकीट काढले. कार्ड एकाचे, पैसे अकरा जणांचे, प्रवास बाराव्याचा. या मुलाने काउंटरवर कोणते नाते सांगायचे? परदेशातली महाराष्ट्र मंडळे इथल्या कलाकारांना बोलावतात, तिथेही नाते नसते. ज्यांना नातेवाईक आहेत त्यांचीच वाट मोकळी करणारा नियम मला नको. ज्याला कोणी नाही, त्यालाच दुसऱ्याने काढून दिलेल्या तिकिटाची गरज अधिक असते.

मग करावे काय? माझ्या मते उपाय साधा आहे. खात्री करायची ती विकत घेणाऱ्याची करावी आणि ती पैसे घेताना करावी. त्याचे तंत्र आज हाताशी आहे. ऑनलाइन पैसे भरताना ग्राहकाला त्याच्या बँकेकडे पाठवून ओळख पटवण्याची सोय कार्ड कंपन्यांनी २००१ च्या सुमारासच आणली. युरोपातही २०१९ पासून अशी दुहेरी खात्री टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. बँकेने अशी ओळख पटवली असेल, तर पुढे फसवणूक निघाल्यास तोटा सर्वसाधारणपणे विकणाऱ्यावर न पडता बँकेवर जातो. म्हणजे कंपनीचेही हितच आहे. ज्या कार्डांना ही सोय नसेल, त्यांच्या मालकाला कंपनीने दोन दिवसांच्या आत फोन किंवा ई-मेल करावा. समाधान झाले तर तिकिटाच्या नोंदीत तसे लिहावे, आणि मग काउंटरवर पुन्हा तोच प्रश्न नको. समाधान झाले नाही तर तेव्हाच तिकीट रद्द करून पैसे परत करावेत, म्हणजे माणूस दुसरी सोय पाहील. आणि ठरलेल्या मुदतीत कंपनीने काहीच विचारले नाही, तर नंतरचा धोका तिचा. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांसाठी बरेच नियम केले आहेत, त्यांत या एका नियमाची भर घालणे अवघड नसावे.

तोवर आपल्यालाच काळजी घ्यायला हवी. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. तिकीट काढताना कार्डाबद्दलची अट शोधून वाचा. ती असेल तर त्याच आठवड्यात कंपनीला फोन करा, तुमच्या गावात तिची कचेरी असेल तर कार्ड घेऊन जा, आणि खात्री झाल्याची नोंद तिकिटावर करायला लावा. आईवडिलांना सही केलेले पत्र द्या. त्यात तुमचे नाव, प्रवाशांची नावे, तिकिटाचा नोंदणी क्रमांक, प्रवासाच्या तारखा आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे असावेत. कार्डाची प्रत मागितलीच असेल, तर मधले आकडे आणि मागचे तीन आकडे काळ्या शाईने झाका. कार्डाचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिकीट काढल्यानंतर कार्ड बदलले, तर जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा. आणि आईवडील ज्या दिवशी निघणार असतील, त्या दिवशी फोन जवळ ठेवा. तुमच्याकडे दुपार असो की ड्यूटी असो.

आणखी एक मार्ग आहे, आणि मला तोच सर्वांत आवडतो. जमत असेल तर तिकिटाचे पैसे आईवडिलांच्या खात्यावर पाठवा आणि तिकीट त्यांनाच त्यांच्या कार्डावर काढू द्या. थोडा वेळ लागेल, ओटीपी एकदा चुकेल, तुम्हाला फोनवर तीनदा समजावून सांगावे लागेल. पण मग काउंटरवर कार्ड मागितले तर ते बाबांच्या खिशातून निघेल. तिकीट रद्द झाले तर पैसे ज्या कार्डावरून गेले त्यावरच परत येतात, म्हणजे तेही त्यांच्या हातात राहतील.

माझ्या वयाच्या मंडळींनाही दोन शब्द. काउंटरवर प्रश्न आला तर आवाज खाली नेऊ नका. "माझ्या मुलीने काढलंय, हे तिचं पत्र," असे सरळ सांगा. ज्या मुलीला आपण वाढवले, शिकवले, तिने आपल्याला भेटायला बोलावले आहे, यात संकोच वाटण्यासारखे काय आहे?

शेजारच्या काका-काकूंचे परतीचे तिकीट पुढच्या महिन्यातले आहे. या खेपेला त्यांना सोडायला लेक स्वतः विमानतळावर जाणार आहे, कार्ड घेऊन. मी काकांना फोनवर म्हटले, आता चिंता नाही. ते म्हणाले, "नाही कशी? ते कार्ड तिनं मागच्या आठवड्यात बदललंय." लगेच तिला निरोप दिला आहे, जुन्याचे शेवटचे चार आकडे शोधून ठेव म्हणून.